असं का? : ‘नॉट सिक्युअर’चा शेरा जातो कसा?

डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या एखाद्या छोट्या दुकानाची वेबसाइट उघडावी, तर पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’! एसएसएल प्रमाणपत्र नसलेल्या साइटला क्रोम ब्राउझर जुलै २०१८पासून हा शेरा देतो.

छोटे दुकानदार बहुधा शेअर्ड होस्टिंग घेतात. म्हणजे एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट. ठाण्यातल्या मोठ्या सोसायटीसारखंच हे. पाकिटावर फ्लॅट नंबर नसेल, तर वॉचमन पत्र देणार कुणाला? म्हणून ब्राउझर पहिल्याच निरोपात साइटचं नाव सांगतो आणि सर्व्हर तिचंच प्रमाणपत्र पुढे करतो.

लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५पासून प्रमाणपत्रं फुकट देते. ती एक सांकेतिक मजकूर देते, तो साइटच्या ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायचा. संस्थेचा संगणक तिथे जाऊन तो वाचतो. सापडला, की डोमेन तुमच्याच ताब्यात असल्याचं सिद्ध झालं. बऱ्याच होस्टिंग पॅनेलवर हे आपोआप होतं, तेव्हा यासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी चौकशी कराच. डोमेन अजून जुन्या सर्व्हरकडे वळवलेलं असेल, तर मात्र तपासणी फसते. म्हणून डोमेन कुठल्या सर्व्हरकडे वळवलंय हे सांगणारी डीएनएस नोंद आधी बघावी.

प्रमाणपत्रामुळे ग्राहकाचा फोन नंबर वाटेत कुणाला वाचता येत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही.