कानस आणि वलये

तालुक्याच्या गावातील लहान महाविद्यालयात मिळणाऱ्या पदवीविषयी सुविद्य माणसे जेव्हा बोलतात, तेव्हा ती बहुधा निकालाची टक्केवारी, नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांची नावे आणि इमारतीचा थाट यांविषयीच बोलतात; परंतु त्या पदवीचे खरे मोल जिथे ठरते त्या जागा म्हणजे भरदुपारी पडदे ओढून अंधारी केलेली पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरची पत्र्याच्या छपराची वर्कशॉप, असे माझे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर ठाम मत झाले आहे. आमच्या संस्थेची दोन महाविद्यालये एकाच आवारात आहेत. एक विज्ञानाचे, जुने आणि अनुदानित; दुसरे अभियांत्रिकीचे, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 साली विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचा दरवाजा उघडल्यानंतर महाराष्ट्रभर जी महाविद्यालये उभी राहिली त्यांच्या मालिकेतले. सकाळी बी.एस्सी.चे आणि संस्थेच्या मंजुरीने दुपारी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे, एकाच कुंपणाच्या आत राहून एकमेकांना न ओळखणारी ही दोन्ही जगे मला रोज पाहावयास मिळतात.

बी.एस्सी.च्या प्रयोगांपैकी ज्याच्यापाशी मी सर्वांत अधिक वेळ रेंगाळतो तो प्रयोग न्यूटनच्या वलयांचा. ही वलये रॉबर्ट हूकने 1665 सालीच वर्णिली होती आणि न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्यांची काळजीपूर्वक मोजमापे दिली. पण आमच्या टेबलावर ती उतरतात तेव्हा सारा सरंजाम अगदी साधा असतो: अंबाल्याहून आलेला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, एक सपाट काच, तिच्यावर पालथे ठेवलेले जेमतेम फुगीर असे समतल-बहिर्वक्र भिंग, प्रकाश खाली वळवण्यासाठी पंचेचाळीस अंशांत बसवलेली काचेची पट्टी आणि सोडियमचा दिवा. दिवा लावल्याबरोबर पिवळा होत नाही. आधी तो लालसर गुलाबी उजळतो, कारण आतील निऑन वायू प्रथम पेटतो. मग सोडियमची वाफ होत जाते तसतसा रंग पालटतो आणि दहाएक मिनिटांनी साऱ्या खोलीतल्या वह्या, हात आणि चेहरे एकाच पिवळ्या रंगाचे होतात. मध्येच वीज गेली, की हा सारा उपचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो आणि तासाचा तेवढा भाग वाया जातो.

परवा एका विद्यार्थिनीने मायक्रोस्कोपमधून डोके वर काढून हाक दिली, “मामा, मधला ठिपका पांढरा येतोय.” मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. त्यांनी दुरूनच सांगितले, “भिंग उचला ताई, खाली धूळ बसली असंल.” स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मलमलीच्या तुकड्याने त्यांनी भिंग आणि काच दोन्ही पुसली, भिंग पुन्हा ठेवले आणि मधला ठिपका काळा झाला. भिंग आणि काच जिथे खरोखर एकमेकांना टेकतात तिथे मधल्या हवेच्या थराची जाडी शून्य होते. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशांपैकी खालच्याची कला अर्ध्या तरंगाने बदललेली असल्यामुळे ते दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात आणि डोळ्याला अंधार दिसतो. धुळीचा कण मध्ये आला की स्पर्शच होत नाही आणि ठिपका उजळ होऊ शकतो. मामांनी हे समीकरण कधी मांडलेले नाही. पण काळा ठिपका म्हणजे काच काचेला टेकली, एवढे निदान त्यांच्या हाताला ठाऊक आहे आणि विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत पुष्कळांना देता येत नाही असे ते उत्तर आहे.

मग मोजणी सुरू होते. डावीकडील विसाव्या काळ्या वलयावर क्रॉसवायर आणायची आणि तिथून एकाच दिशेने, मध्य ओलांडून, उजवीकडील विसाव्यापर्यंत जायचे. वाटेत चुकून मागे फिरले तर स्क्रूच्या आट्यांतील ढिलाई वाचनात शिरते आणि पुन्हा आरंभ करावा लागतो. त्या दिवशी त्या मुलीच्या वहीत विसाव्या वलयाचा व्यास 0.689 सेंटिमीटर आणि दहाव्याचा 0.486 आला. वर्गांतील फरकाला भिंगाच्या वक्रतात्रिज्येच्या चाळीसपटीने भागले की तरंगलांबी मिळते. आता ही त्रिज्या आली कुठून? ती गोलमापीने, म्हणजे स्फेरोमीटरने मोजायची. त्याचे तीन पाय एकमेकांपासून चार सेंटिमीटरवर, भिंगाची उंची शतांश सेंटिमीटरांच्या घरातली आणि चकतीचा लीस्ट काउंट 0.001 सेंटिमीटर. तिने उंची 0.026 वाचली, त्रिज्या सुमारे 102.6 सेंटिमीटर आणि तरंगलांबी 5813 अँगस्ट्रॉम आली. शेजारच्या मुलाने त्याच भिंगाची उंची 0.027 वाचली होती. ती उंची घेऊन पाहिली, तर तेवढ्याने तिचे उत्तर 6037 वर गेले. वलये मोजताना तासभर डोळे शिणवून मिळवलेली अचूकता चकतीवरच्या एका भागाने गिळून टाकली, आणि उत्तराचे भवितव्य सर्वांत काळजीपूर्वक घेतलेले माप ठरवत नसून सर्वांत ढिले माप ठरवते, ही गोष्ट तिला त्या टेबलापाशी कळली. ती व्याख्यानात सांगून कोणालाही कळलेली मी पाहिलेली नाही.

सोडियमच्या दोन निकटच्या रेषा 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉमच्या. त्यांची सरासरी 5893. पुस्तकात हा आकडा छापलेला असल्यामुळे काही जर्नलांत तो तंतोतंत अवतरतो. उत्तरावरून उलटे गणित करून वाचने जुळवून आणण्याचा हा शिरस्ता जुना आहे आणि गुणांच्या भयाने तो टिकून राहिला आहे. ज्या उपकरणसंचाची कुवत दोन-तीनशे अँगस्ट्रॉमच्या आत येण्याची नाही, त्यातून नेमके 5893 निघाले, तर मी त्या पानावर सही करीत नाही आणि 5813 ला, त्यामागची त्रुटी नीट मांडलेली असेल, तर पूर्ण गुण देतो. चंद्रशेखर वेंकट रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थी असताना लोलकाचा कोन मोजण्याच्या अशाच नेहमीच्या प्रयोगात त्यांना प्रकाशाचे असममित पट्टे दिसले आणि त्यांवरचा त्यांचा पहिला निबंध 1906 साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. जे दिसले ते त्यांनी टिपले. उत्तर आधीच ठरवून बसलेल्या डोळ्याला ते पट्टे दिसले नसते.

दुपारी वर्कशॉपमध्ये गेले की अंधाराऐवजी लोखंडाचा वास आणि कानशींचा आवाज असतो. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला फिटिंगचा एक जॉब करावाच लागतो: सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीतून हॅकसॉने कापलेला चौकोन शेगड्यात आवळायचा, कडा आधी भरड आणि मग बारीक कानशीने घासायच्या आणि पन्नास मिलिमीटरांचा काटकोनी तुकडा तयार करायचा. नवख्याच्या हातात कानस सपाट चालत नाही. पुढे जाताना तिचे टोक खाली झुकते, मागे येताना मूठ झुकते, आणि कड दोन्ही बाजूंना अधिक घासली जाऊन मध्यभागी फुगीर राहते. तिथले शिक्षक एक शब्दही न बोलता तो तुकडा गुण्याला लावून खिडकीच्या उजेडासमोर धरतात: मधोमध पोलाद पोलादाला टेकलेले असते तिथे काळे आणि दोन्ही टोकांना उजेडाची फट. “अजून घास,” एवढेच म्हणतात. मुलगा पुन्हा शेगड्याकडे जातो. ही ये-जा त्या दुपारी कितीदा तरी होते आणि तळहातांना फोड येतात.

ती उजेडाची फट मी प्रथम लक्षपूर्वक पाहिली, तेव्हा सकाळची वलये डोळ्यांपुढे उभी राहिली. फुगीर पृष्ठ सपाट पृष्ठावर टेकले आहे, मध्ये काळोख आहे, कडेला जागा वाढत गेली आहे. प्रश्न तोच आहे, मापाचा बारीकपणा तेवढा निराळा. म्हणून दोन्ही विभागप्रमुखांची संमती घेऊन मी गेली काही वर्षे शनिवारी एक जादा तास ठेवतो. वर्कशॉपमधली मुले यंत्र विभागाच्या मापनशाळेत येतात. तिथे पेटीतला घासून-पुसून आरशासारखा केलेला स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा पोलादी ठोकळा, सपाट काचेखाली ठेवून त्यावर सोडियमचा प्रकाश टाकला की एकमेकांना समांतर अशा काळ्या रेषा दिसतात. एका रेषेपासून दुसरीपर्यंत फटीची जाडी अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे सुमारे 0.0003 मिलिमीटरने बदललेली असते. गेजवर अंगठा क्षणभर टेकवला, की हाताच्या उबेने पोलाद प्रसरण पावते आणि रेषा वाकतात. दोन्ही महाविद्यालयांची मुले तेव्हा काही काळ बोलेनाशी होतात आणि मग प्रश्नांचा भडिमार होतो. उलट दिशेने बी.एस्सी.ची मुले कानस धरायला जातात आणि गोलमापीचा स्क्रू कोणाच्या हातांनी, किती कष्टाने घडला असेल, याचा अंदाज त्यांना पहिल्यांदा येतो.

ही दोन्ही शास्त्रे अशी दुरावलेली असावीत, असे काही विधिलिखित नव्हते. 1854 साली पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्याची कनिष्ठ माणसे घडवण्यासाठी निघालेल्या वर्गाचे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, तिथून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 साली उत्तीर्ण झाले, ते बंगळूरला बी.ए. पुरी करून आलेले होते. आज मात्र अभियांत्रिकीच्या मुलाला पदार्थविज्ञान एका सत्रापुरते भेटते आणि बी.एस्सी.च्या मुलाला अभ्यासक्रमात वर्कशॉप मुळीच भेटत नाही. मोठ्या विद्यापीठांत या दोन दरवाजांमध्ये मैलभर रस्ता आणि अनेक कचेऱ्यांच्या परवानग्या असतात. आमच्याकडे मधे एक कडुनिंब आणि सायकलींची शेड आहे. लहान महाविद्यालयाचे हे बलस्थान कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले मी वाचलेले नाही.

आणि नेमके तेच आज खिळखिळे होत चालले आहे. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर येणारे तरुण शिक्षक हुशार आणि कष्टाळू असतात, पण त्यांना घेतलेल्या तासांचाच मोबदला मिळतो, प्रयोग आदल्या संध्याकाळी मांडून पाहण्याचा मिळत नाही. परिचराची जागा रिकामी झाली, तर मामांच्या हाताला जे ठाऊक आहे ते त्यांच्याबरोबर जाईल. एका उपकरणाभोवती दोघांऐवजी सहा जण उभे राहिले, की एकजण वाचतो, पाचजण उतरवून घेतात. डेड स्टॉक रजिस्टरात मायक्रोस्कोपांची संख्या बरोबर असते आणि तपासणीस येणारी समिती त्या संख्येची रुजुवात घेऊन समाधानाने परतते. त्यांपैकी किती चालू आहेत, हे विचारणारे फार थोडे.

म्हणून जून महिन्यात मुलाच्या किंवा मुलीच्या प्रवेशासाठी अशा महाविद्यालयात येणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी कार्यालयातून थेट परतू नये. प्रयोगशाळेचे दार उघडून दाखवण्यास सांगावे, गेल्या वर्षीची चार जर्नले मागून घ्यावीत आणि उत्तरे पाहावीत. सगळ्यांची उत्तरे पुस्तकाबरहुकूम असतील, तर दुसरे महाविद्यालय शोधावे.