भिडेखातर पाच तारे

ई-पुस्तक काढणं आता घरबसल्या होतं. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली आणि त्यानंतर प्रकाशकाचे उंबरे झिजवायला कंटाळलेल्या अनेकांनी हा मार्ग धरला. फाईल चढवायची, मुखपृष्ठ जोडायचं, किंमत टाकायची, की दोन-तीन दिवसांत पुस्तक विक्रीला लागतं. कागद नाही, छपाई नाही, आयएसबीएनसुद्धा सक्तीचा नाही. खरी पंचाईत पुढे सुरू होते. लेखक शाळेच्या, सोसायटीच्या, ट्रेकिंगच्या ग्रुपवर लिंक टाकतो. जोडलेले हात येतात, पुष्पगुच्छ येतात, लिंक न उघडताच कोणी ‘अप्रतिम’ म्हणतं आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ती लिंक गडप होते. मग एकेकाला वेगळा निरोप जातो: ‘फक्त ४९ रुपये आहेत, घेऊन टाक. आणि हो, पाच स्टार द्यायला विसरू नकोस.’ समोरच्याला नाही म्हणवत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण भीड बाळगणाऱ्याला सावध करते. इथे मात्र दुसऱ्याच्या भिडेवर विसंबणाराच भिकेला लागतो. ऑनलाइन मित्र हे स्वप्रकाशित लेखकाचं सर्वांत मोठं भांडवल आहे, पण ते खरेदी आणि तारे यांत घातलं की बुडतं. कच्चा मजकूर तपासून घेणं आणि योग्य अशा अनोळखी वाचकापर्यंत पोचणं, या दोन कामांना लावलं तर ते वाढतं.

आधी साधा हिशेब पाहू. किंडलवर रॉयल्टीचे दर दोन, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर किंमत ठरावीक पट्ट्यात ठेवावी लागते आणि ते ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीने फक्त किंडललाच द्यावं लागतं. ४९ रुपयांच्या पुस्तकावर ३५ टक्क्यांनी प्रतीमागे जेमतेम १७ रुपये सुटतात, म्हणजे शंभर मित्रांनी भिडेखातर घेतलं तरी हाती १७०० रुपये. त्यापायी शंभर जणांच्या उपकाराचं ओझं डोक्यावर बसतं आणि दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी हेच शंभर जण निरोप वाचूनही न वाचल्यासारखं करतात. किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत तर २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांचे पैसे मिळतात. मित्राने पुस्तक उतरवून घेतलं आणि उघडलंच नाही, तर तिथे लेखकाच्या खात्यात काहीच पडत नाही. किंमत कमी करून किंवा फुकट देऊनही हे कोडं सुटत नाही. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या उपक्रमांनी मराठी ई-पुस्तकं वर्षानुवर्षं मोफत पोचवली आहेत. वाचकाच्या फोनमध्ये न उघडलेल्या पीडीएफ आधीच साठलेल्या असतात. तुटवडा आहे तो वेळेचा आणि कुतूहलाचा.

मग मित्रांचा उपयोग काय? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ‘सैल नात्यांचं बळ’ मांडणारा निबंध लिहिला, त्यात याचं एक उत्तर सापडतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याने खबर दिली तो माणूस तुम्हाला तेव्हा कितीदा भेटत असे? वरचेवर भेटणारा असं सांगणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारा म्हणणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना ठाऊक असलेलं बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. अर्धवट ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात उठतो-बसतो. तो नमुना लहान होता आणि विषय नोकरीचा होता, तरी पुस्तकाची बातमीही याच वाटांनी जाते असं मानायला जागा आहे. ऑनलाइन मैत्री बहुतेक अशी सैलच असते. कोणी फक्त किल्ल्यांच्या फोटोंपुरता मित्र, कोणी जुन्या गाण्यांपुरता. सातारच्या पार्श्वभूमीवरची ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला चुलतभावाच्या पाच प्रतींपेक्षा त्या किल्लेवाल्या मित्राचं एक वाक्य जास्त दूर नेतं, कारण तो जिथे बोलतो तिथे लेखकाला कोणी ओळखत नाही.

दुसरं काम पुस्तक बाहेर पडण्याआधीचं. अँडी वीअर या अमेरिकी लेखकाने ‘द मार्शन’ ही कादंबरी २००९ पासून आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली. नियमाने वाचणारे काही हजार लोक जमले. त्यांच्यातल्या रसायनशास्त्र जाणणाऱ्यांनी त्याच्या चुका दाखवल्या, त्याने त्या दुरुस्त केल्या. पुढे वाचकांनीच ई-रीडरवर वाचता येईल अशी फाईल मागितली. ती चढवणं ज्यांना जमेना त्यांनी किंडलवर आण म्हटलं, म्हणून त्याने ती ९९ सेंट या तिथल्या किमान किमतीला लावली. तीन महिन्यांत ३५ हजार प्रती गेल्या. नंतर मोठ्या प्रकाशकाने हक्क घेतले, २०१४ मध्ये छापील पुस्तक आलं आणि २०१५ मध्ये चित्रपट. या गोष्टीतला चित्रपट सोडून देऊ, तो सगळ्यांच्या नशिबी नसतो. क्रम तेवढा लक्षात ठेवावा. वाचक आधी कामाला लागले, पुस्तक मागून आलं. ज्याने चूक काढली त्याला ते थोडंसं आपलंच वाटू लागतं, आणि आपल्या वस्तूबद्दल माणूस न सांगता बोलतो.

मराठीत या कामाची निकड अधिकच आहे. स्वप्रकाशित पुस्तकाला संपादक नसतो, मुद्रितशोधक नसतो, आणि मजकूर पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला असतो. त्या उलथापालथीत रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘आचाऱ्यांना’ लिहिलेलं ‘आचार्यांना’ झालं, की लग्नाच्या स्वयंपाकघरातली माणसं थेट गुरुकुलात जाऊन बसतात. लेखकाच्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. कोणाच्या स्वस्तातल्या फोनवर मात्र ‘द्ध’ फुटलेला असतो. दहा मित्रांनी आपापल्या दहा फोनवर दोन-दोन प्रकरणं वाचून चुकांचे फोटो पाठवले, तर हजारो रुपयांचं काम झालं. ‘पुस्तक घे’ या विनंतीने कानकोंडे होणारे लोक ‘यातल्या चुका काढून दे’ म्हटलं की उत्साहाने पुढे येतात, हा मराठी स्वभाव इथे कामी आणावा.

आता ताऱ्यांकडे वळू. जॉन लॉक हा किंडलवर दहा लाख प्रती विकणारा पहिला स्वप्रकाशित लेखक. २०११ साली त्याने आपल्या विक्रीचं गुपित सांगणारं पुस्तक लिहिलं. ट्विटरवरचे मित्र, ब्लॉग, निष्ठावान वाचक या सगळ्यांचं श्रेय त्यात होतं. पैसे मोजून मागवलेल्या ३०० परीक्षणांचा उल्लेख मात्र त्यात नव्हता. ही गोष्ट २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून बाहेर आली. नावडलं तर तसं लिहा, असं आपण सांगितलं होतं, हा त्याचा खुलासा. तो खरा धरला, तरी नंतर लोकांना आठवली ती ३०० परीक्षणंच. लेखकाच्या नातलगांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, सापडली की काढली जातात. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक ऐच्छिक स्वरूपात आणलं. विकत घेतलेली परीक्षणं त्यालाही मान्य नाहीत.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की सुरुवातीचे तारे खोटे असले तरी उपयोगी पडतात. या म्हणण्याला आधारही आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ साली आलेल्या एका प्रयोगात, बातम्यांच्या संकेतस्थळावरील प्रतिक्रियांना मुद्दाम एकच अनुकूल मत देऊन पाहिलं, तर त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पण तिथे वाचकाचं एक क्लिक जात होतं, पुस्तकासाठी पैसे आणि चार रात्री जातात. पुस्तकांचीच परीक्षणं तपासणाऱ्या जुडिथ शेव्हालिए आणि दिना मेझलिन यांना २००६ साली आढळलं, की पाच ताऱ्यांनी विक्री जेवढी वर जाते त्याहून एका ताऱ्याने ती जास्त खाली येते, आणि ग्राहक नुसती सरासरी न पाहता मजकूरही वाचतात. ‘अप्रतिम, वाचनीय, पुढील लेखनास शुभेच्छा’ हा मजकूर कोणी लिहिला आहे हे मराठी वाचक एका नजरेत ओळखतो. समजा तो फसला आणि त्याने पुस्तक घेतलं. मग फसवणुकीचा जो एक तारा तो देतो, तो मित्रांचे कैक तारे खाऊन टाकतो. खरेदीचंही तेच. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ या धर्तीच्या शिफारशी ग्राहकांनी काय काय घेतलं यावरून ठरतात. ऐतिहासिक कादंबरी जर शेअर बाजाराची आणि मधुमेहाच्या आहाराची पुस्तकं घेणाऱ्या मित्रांनीच घेतली, तर ती दाखवायची कोणाला, हे त्या यंत्रणेला कसं कळणार?

एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. मराठीतलं ऑनलाइन वाचनविश्व लहान आहे; लेखक, वाचक, समीक्षक एकाच ग्रुपमध्ये असतात, मग अनोळखी वाचक आणायचा कुठून? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. लहान आहे ते आपलं वर्तुळ. साठच्या दशकातली लघु अनियतकालिकंही मित्रांच्याच खिशातून आणि हातांतून चालली. ती टिकली तेवढी टिकली, कारण ते मित्र एकमेकांचं लिखाण निर्दयपणे वाचत होते. जिथे ओळख टाळताच येत नाही तिथे ती सांगून टाकावी. ‘लेखक माझ्या ओळखीचा आहे, तरी सांगतो, मधली पन्नास पानं रेंगाळतात’ असं आपल्या पोस्टमध्ये लिहिणाऱ्याच्या कौतुकावर विश्वास बसतो.

तेव्हा निरोप बदलायला हवा. ‘माझं पुस्तक घे’ याऐवजी ‘तुझ्या ओळखीत पेशवाईतल्या साताऱ्यावर वाचणारं कोणी आहे का? पहिलं प्रकरण पाठवतो, आवडलं तरच पुढे दे’ असं लिहिलं तर मित्रावर भीड पडत नाही आणि पुस्तकाला पत्ता मिळतो. याने खप वाढेलच याची हमी नाही. पुस्तकच फिकं असेल तर कोणाचीच शिफारस त्याला वाचवत नाही. पण ज्या दिवशी लेखकाला अजिबात न ओळखणारा कोणी तीन तारे देऊन ‘शेवट घाईत उरकला आहे’ असं लिहितो, त्या दिवशी पुस्तक मित्रांचं अंगण ओलांडून रस्त्याला लागलेलं असतं.