एक घर, एक स्क्रीन आणि वर्ध्याचा 'ड्राय' वीकएण्ड

पब नाही, मॉल नाही, तरीही फुल्ल धमाल! पुण्या-मुंबईत करिअर करणाऱ्या वर्धेकरांसाठी घरच्या घरी दोन दिवसांचा फिल्म फेस्टिव्हल.

वीकएण्ड म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? मल्टिप्लेक्स, मॉल, मित्रांचा कंपू आणि रात्री कुठेतरी चिल्ड बिअर. आता यातून बिअर वजा करा. मॉल वजा करा. कंपूतले निम्मे पुण्यात आणि उरलेले हैदराबाद-बंगळुरूला आहेत असं धरून चाला. काय उरलं? वर्धा!

गांधीजींची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे कायद्याने इथला प्रत्येक शनिवार-रविवार 'ड्राय'. बाहेर गेलेल्या मंडळींची त्यावर एक ठरलेली कुरकुर असते, 'घरी जायचं तर आहे यार, पण तिथे करायचं काय?' म्हणून मग आपण दिवाळीला जातो, लग्नाला जातो. कारणाशिवाय, नुसतंच, जात नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की एकदा तसं नुसतंच जाऊन बघा. आणि जाताना सोबत दोन-तीन सिनेमे न्या.

'सगळं ठीक आहे' नावाची रिंगटोन

वर्ध्याच्या पोरापोरींचा रूट ठरलेला. शाळा इथे, इंजिनीअरिंग नागपूरला नाही तर सेवाग्रामला, नोकरी पुण्याला. मागे राहतं तीन खोल्यांचं घर, अंगणातला कडुनिंब आणि दोन माणसं. रोज फोन होतो, व्हिडिओ कॉलही होतो. 'कसे आहात?' 'ठीक.' 'बाबा?' 'ठीक.' 'जेवलीस का?' 'हो, तू?' संपलं. सात मिनिटं.

या सात मिनिटांत आई-बाबा काय काय सांगत नाहीत, याची यादी बरीच मोठी असते. बाबांच्या बीपीच्या गोळीचा डोस वाढला, हे सांगायचं राहून जातं. आईने संध्याकाळनंतर एकटीने बाहेर पडणं बंद केलंय, हेही राहतं. मुद्दाम लपवतात असं नाही. 'त्याला तिकडे ऑफिसचं टेन्शन, त्यात आपलं कशाला?' हा त्यांचा सरळ हिशेब.

मग आपण जातो. जातो म्हणजे काय करतो? दुपारपर्यंत झोपतो, लॅपटॉप उघडतो, मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याच शेजारी बसतो. आई 'किती वाळला रे बाप्पा!' म्हणत ताटात तिसरी पोळी वाढते. बाबा हॉलमध्ये बातम्या बघतात, आई आतल्या खोलीत फोनवर सीरियल, आपण वेबसीरिज आणि धाकटी बहीण रील्स. एक घर, चार स्क्रीन. रविवारी रात्री गाडीत बसल्यावर लक्षात येतं, की आपण घरी जाऊन आलो, पण भेट कुणाचीच झाली नाही!

समोरासमोर खुर्च्या टाकून 'चला, आता बोलू या' म्हटलं, तर कुठल्याही मराठी घरात पहिली पाच मिनिटं शांतता आणि पुढचा विषय 'लग्नाचं काय ठरवलंस?' त्यापेक्षा सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून बसावं. समोर सिनेमा असला की माणसं मोकळी होतात. हा आमचा सिनेमा-फंडा.

बापू आणि सिनेमा

वर्ध्यात बसून सिनेमा बघण्यात एक गंमत आहे. या गावचे सर्वांत प्रसिद्ध रहिवासी सिनेमाच्या सपशेल विरोधात होते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याजवळच्या शेगावात आले. शेगाव नावाचा घोळ दुसऱ्या शेगावाशी व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. याच काळात गांधीजी सिनेमाला जुगाराच्या आणि शर्यतींच्या पंक्तीला बसवत होते. हे पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांना चांगलंच लागलं. त्यांनी १९३९ मध्ये बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'त गांधीजींना खुलं पत्र लिहिलं. सिनेमाबद्दलचं मत पुन्हा तपासून बघा, अशी त्यांची विनंती होती. हेच अब्बास पुढे 'आवारा' आणि 'श्री ४२०' चे लेखक झाले आणि १९६९ च्या 'सात हिंदुस्तानी'तून त्यांनी अमिताभला पहिला ब्रेक दिला.

१९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी जुहूला विश्रांती घेत होते, तेव्हा त्यांनी विजय भट्ट यांचा 'रामराज्य' बघितला. त्यातली सीता होती शोभना समर्थ, म्हणजे आपल्या काजोलची आजी! पुढे त्याच गांधीजींनी पडद्यावर ऑस्कर मिळवले आणि बॉक्स ऑफिसही गाजवलं. म्हणजे वर्ध्यात सिनेमाचा वीकएण्ड करायला बापूंची हरकत असती, असं समजून घाबरायचं कारण नाही.

शनिवार : आधी हसा

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते आणि सकाळी वर्ध्याला सोडते. शुक्रवारी रात्रीची झोप गाडीत, शनिवारी सकाळी घरी चहा. नाश्त्याला तर्री-पोहे. दुपारी पाटोडीचा रस्सा नाही तर वांग्याचं भरीत, आणि त्यात सांबार भरपूर. (पुण्यातल्या रूममेटला सोबत आणलं असेल तर आधीच सांगून ठेवा, की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर बिचारा इडलीची वाट बघत बसेल!)

दुपारचा शो हलकाफुलका ठेवा. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' घरात सगळ्यांना पाठ असतो, म्हणूनच तो लावायचा. पाठ असलेल्या सिनेमात गप्प बसावं लागत नाही. डायलॉग आधी कोण म्हणतं, यावर स्पर्धा लावा. बाबा जिंकतात, हे आत्ताच सांगून ठेवतो.

रात्री मेन पिक्चर. तरुण कंपनी जास्त असेल तर 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६). दिग्दर्शक राजकुमार हिरानी मूळचे नागपूरचे, म्हणजे वर्ध्यापासून जेमतेम ७५ किलोमीटरवरचे. त्यातले बापू साकारणाऱ्या दिलीप प्रभावळकरांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आई-बाबांसाठी ते आजही 'टिपरे आबा', आपल्यासाठी मुन्नाभाईचे बापू. एकाच माणसावर दोन पिढ्यांना आपापल्या आठवणी सांगता येतात, हा बोनस.

घरात पेशन्स असेल तर रिचर्ड अॅटनबरोंचा 'गांधी' (१९८२). तीन तासांहून मोठा आणि आठ ऑस्कर. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना मिळालं. भारतात आलेलं ते पहिलं ऑस्कर. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा मिळाला.

फक्त एक नियम पाळा. इंटरव्हल करायचीच. ओटीटीने आपल्याकडून ती चोरली आहे. मधोमध सिनेमा थांबवा, दिवे लावा, चहा टाका. वीकएण्डचा खरा कार्यक्रम हाच वीस मिनिटांचा. बाबा सांगतात, त्यांनी 'गांधी' कुठल्या टॉकीजमध्ये कुणाबरोबर बघितला. आई सांगते, तिला घरून परवानगी कशी मिळाली नव्हती. आणि बोलता बोलता, अगदी सहज, आई म्हणते, 'यांना रात्री गाडी चालवताना समोरचे लाइट त्रास देतात. मोतीबिंदू म्हणतो डॉक्टर.' बाबा म्हणतात, 'काही नाही गं, तू सिनेमा लाव.'

सहा महिन्यांच्या फोनवर जे आलं नाही, ते चहाच्या कपाबरोबर बाहेर येतं. लगेच डॉक्टरांचे रिपोर्ट मागून उलटतपासणी सुरू करू नका. सिनेमा लावा. सकाळी बघू. पण आता तुम्हाला माहीत आहे.

रविवार : पडद्यामागचं गाव

रात्री बघितलेला सिनेमा सकाळी खरा करायची सोय फार थोड्या गावांत असते. वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. 'शाळेच्या सहलीत बघितलंय की' म्हणून टाळू नका. तेव्हा तुमचं लक्ष डब्याकडे होतं!

आधी आदि निवास, मग बापू कुटी. माती, बांबू, कौलं. आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला गेला. देशाचा कारभार हलवणारी बोलणी होत, त्या आश्रमाला एक फोन पुरत होता. आपल्या हॉलमध्ये चार आहेत.

त्यानंतर बा कुटी. इथे आईला घाई करू नका. जमनालाल बजाजांनी कस्तुरबांसाठी बांधलेली ही छोटी कुटी. १९४२ च्या आंदोलनात बा पकडल्या गेल्या आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेतच गेल्या. सेवाग्रामला परत आले ते एकटे बापू. रात्री रोहिणी हट्टंगडींना बघून आलेल्या माणसाला त्या रिकाम्या खोलीपुढे फार काही समजावून सांगावं लागत नाही. बापूही २५ ऑगस्ट १९४६ ला इथून दिल्लीला निघाले, ते पुन्हा आले नाहीत. परत यायचं असतं, म्हणूनच माणूस घर तसंच ठेवून निघतो.

तिथून पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम, १९५९ मध्ये बहिणींसाठी सुरू झालेलं ब्रह्मविद्या मंदिर आणि जमीन खणताना विनोबांना सापडलेलं भरत-राम भेटीचं शिल्प. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्याच साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये 'श्यामची आई' केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. दुपारी घरी परतल्यावर हाच लावा. टिश्यू पेपरचा डबा सेंटर टेबलवर ठेवा आणि कोण रडतंय, याकडे कुणी बघू नका.

क्विक प्लॅनर

• गाडी : मुंबईहून येणाऱ्या गाड्या वर्ध्याला थांबतात. हैदराबाद-चेन्नईकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या मात्र सेवाग्राम स्टेशनला. तिकीट काढताना नाव नीट बघा. कारवाल्यांसाठी समृद्धी महामार्ग आहेच. जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झालाय.

• मोबाइल : सिनेमा चालू असेपर्यंत सगळ्यांचे एका परडीत. बॉसचासुद्धा फोन आला तरी तो इंटरव्हलला.

• रिमोट : पहिला सिनेमा आईच्या पसंतीचा. 'मला काहीही चालेल' हे उत्तर बाद. तीनदा विचारा, खरं नाव बाहेर येतं.

• स्वयंपाक : दोन वेळचं जेवण तुमच्याकडे. आई किचनमध्ये आणि बाकीचे सिनेमात, हा फॅमिली वीकएण्ड नव्हे.

• खरेदी : वर्ध्याचा गोरसपाक. गाईच्या तुपातला, तोंडात टाकताच विरघळणारा. ऑफिससाठी एक डबा, स्वतःसाठी दोन.

• वेळ : रविवारी निघायच्या आधी एक तास मोकळा ठेवा. बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर घ्या, तारीख ठरवा आणि त्या तारखेची तुमची रजा आजच टाका.

मल्टिप्लेक्समध्ये पिक्चर दर शुक्रवारी बदलतो. वर्ध्याच्या हॉलमधला हा शो तसा नाही. तो मोजक्याच प्रेक्षकांसाठी आहे आणि त्यातल्या दोन सीट्स तुमची वाट बघत रिझर्व्ह आहेत. तेव्हा बुकिंग करा, या वेळी कुठलाही सण नसताना!