खिडकीतला कप

मुलांनो, मागच्या सुट्टीत माझी भाची अमेरिकेहून बेसाला आमच्या घरी आली होती. आठवीत आहे. एका सकाळी तिनं सगळ्यांसाठी चहा केला आणि कामाला येणाऱ्या ताईंचा चहा फुलाफुलांच्या कपात ओतला.

"अगं, त्यांचा कप वेगळा आहे. तो बघ, खिडकीत," मी म्हटलं.

"वेगळा का गं, आत्या?"

मला उत्तरच सुचेना!

मग तिनं शाळेत शिकलेलं सांगितलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात पूर्वी काळ्या लोकांसाठी पाण्याचे नळ वेगळे असत, बसमध्ये जागाही वेगळ्या. १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. मग तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले, पण हटले नाहीत.

तो बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्या नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. लहानपणी शाळेत छोट्या भीमाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. नळाला हात लावायची बंदी. शिपाई असला तरच पाणी मिळे, नाहीतर तहानलेलंच राहायचं. हाच भीम १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्या लोकांचे नेते डू बॉईस यांना पत्रही लिहिलं. दोघांची लढाई सारखीच होती ना!

"पण आता तर कायदे झालेत," मी म्हटलं.

"हो, पण सगळं संपलं नाही," भाची म्हणाली. १९३० नंतर तिकडच्या सरकारी नकाशांत काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगानं दाखवल्या गेल्या. तिथं घरासाठी कर्ज मिळणं कठीण. १९६८ च्या कायद्यानं असा भेदभाव बंद केला. पण ज्या आजोबांना घर घेता आलं नाही, ते नातवंडांसाठी काय ठेवणार? शिवाय तिथल्या शाळांना बराच पैसा घरांवरच्या करातून मिळतो. घरं स्वस्त, तर शाळाही गरीब!

आपल्या राज्यघटनेनंही १९५० मध्येच अस्पृश्यता बंद केली. तरी माझ्या खिडकीत कप होताच. मी कुणाला वाईट बोलले नव्हते हो! पण तो कप माझ्या वतीनं रोज बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी तो काढून टाकला. ताई आल्या. सवयीनं त्यांचा हात खिडकीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"ताई, आजपासून आपले कप एकच," मी म्हटलं.

त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र उभ्यानंच प्यायल्या. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं, खुर्ची पुढे करायची तर राहूनच गेली!

तुमच्या घरी आहे का असा एखादा कप? आज जरा बघा. आणि आईबाबांना विचारा, "वेगळा का?"