आई, तुझ्या पोळ्या किती?

आमच्या घरात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास एक हिशेब होतो. कणीक भिजवायला घेण्याआधी मी बैठकीत डोकावून विचारते, "किती पोळ्या करू?" मग उत्तरं येतात. सासऱ्यांच्या दोन, सासूबाईंची दीड, नवऱ्याच्या चार, मुलाच्या चार, मुलीच्या तीन. साडेचौदा, म्हणजे पंधरा धरायच्या. वर दोन टाकायच्या, कुणाला लागली तर असावी म्हणून. ती वरची पोळी म्हणजे माझी. कुणाला लागली नाही तर.

मागच्या वर्षी एकदा मुलगी कोथिंबीर निवडत शेजारी बसली होती. सतरा वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते, भूक सडकून लागते. तिनं सहज विचारलं, "आई, तुझ्या किती?"

"माझं काय, उरल्या की खाईन."

"आणि नाही उरल्या तर?"

"भात आहे की."

बोलणं तिथंच संपलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. नवरा वर्षातून दोनदा नेमानं रक्त देतो. यंदा म्हटलं, आपणही देऊ. वजन 58 किलो, तब्येतीची काही तक्रार नाही. बोट टोचलं, थेंब घेतला, यंत्रावर आकडा आला: 9.6. रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान 12.5 लागतं. तपासणारी मुलगी अस्सल हैदराबादी. हसून म्हणाली, "आंटी, खून तो आपकोच होना!"

मी बाजूच्या बाकावर जाऊन बसले. तिथं आधीच ओळखीच्या तिघी होत्या. कुणाचं 10, कुणाचं 11. समोर पुरुषांची रांग भराभर पुढं सरकत होती, आणि दात्यांसाठी आणलेला ज्यूस आम्ही पीत होतो.

डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या तपासण्या करून घेतल्या, पाळीबद्दल विचारलं, आणि मग म्हणाल्या, "खाणं कसं आहे?" मी म्हटलं, "सगळं घरचंच असतं हो." त्यांनी कागद पुढं ओढला. "काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा." सांगत गेले. सकाळी दोनदा चहा आणि खारी. दुपारी रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, कारण शिळी पोळी घरात दुसरं कुणी खात नाही आणि टाकवत नाही. भाजी डब्यांत संपलेली, म्हणून लोणचं आणि थोडं दही. चार वाजता चहा. रात्री एक पोळी आणि भात. आमटी तळापर्यंत डाव घालून घट्ट-घट्ट सगळ्यांना वाढलेली. मला राहिलं ते कढीलिंब तरंगणारं पाणी. सांगून झाल्यावर मीच त्या कागदाकडं बघत राहिले. पाच माणसांसाठी दोन भाज्या आणि एक आमटी करणाऱ्या बाईच्या दिवसात एक वाटीभर भाजी नव्हती, एक वाटी डाळ नव्हती.

मला वाटायचं, माझी भूकच कमी आहे. बायकांची कमीच असते. हे अर्धं खरं निघालं, आणि त्या अर्ध्यासाठीच हा लेख लिहितेय.

आपण हैदराबादकर तार्नाक्यावरून विद्यापीठाकडं जाता-येता राष्ट्रीय पोषण संस्थेची पाटी वर्षानुवर्षं बघत आलोय. 1918 मध्ये निलगिरीत कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था 1958 मध्ये इथं आली. भारतीय माणसानं रोज काय आणि किती खावं याचे आकडे तीच काढते. 2020 चे आकडे मुलीनं मला शोधून दिले. त्यात नमुन्याचा पुरुष 65 किलोचा आणि नमुन्याची बाई 55 किलोची धरली आहे. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी लागतात, बाईला 1660. म्हणजे त्याच्या पाच घासांना तिचे चार.

तेव्हा पुरुष जास्त खातात ही निव्वळ लाडांची गोष्ट नाही. अंग मोठं, उंची जास्त, शिवाय त्यांच्या शरीरात स्नायूंचा वाटा अधिक असतो. स्नायू आपण झोपलेलो असतानाही बायकांच्या चरबीपेक्षा जास्त ऊर्जा जाळतात. माझा मुलगा पंधराव्या वर्षी रात्री अकरा वाजता उठून डबे उघडायचा, तेव्हा तो काही पुरुषसत्ता गाजवत नव्हता. वाढत्या अंगाची भूक होती ती. आमच्याकडं कुणाचे घास मोजू नयेत म्हणतात, ते मलाही पटतं.

पण त्याच तक्त्यात खाली लोहाची ओळ आहे. पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम, बाईला 29. दर महिन्याला जे रक्त जातं त्याची भरपाई करायची असते ना! म्हणजे लहान ताटातून दीडपट लोह मिळायला हवं. कॅल्शियम दोघांनाही सारखंच, 1000 मिलिग्रॅम. प्रथिनं त्याला 54 ग्रॅम आणि तिला 46, तीही फक्त वजनातल्या फरकामुळं. थोडक्यात, त्याच्या चार पोळ्यांना तिच्या तीन पुरतील, पण डाळीची वाटी जवळपास तेवढीच, दह्याची अगदी तेवढीच, आणि पालेभाजी तिला जास्त. आपण घरोघरी काय करतो? पोळीत थोडी आणि भाजी-डाळीत भरपूर काटछाट. कमी चाललं असतं ते भातानं भरून काढतो आणि जे कमी चालणार नाही तेच पहिल्या पंगतीत संपतं.

देशभरच्या पाहणीतही हेच दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयी होत्या, त्याच वयाचे पुरुष 25 टक्के. पाळी, बाळंतपणं, जंत, आजार अशी कारणं त्यात आहेतच, सगळं पाप पंगतीच्या माथी मारता येणार नाही. पण आमच्या बाकावरच्या चौघींपैकी एकीच्याही घरी धान्याची तंगी नव्हती.

त्या तक्त्यातल्या आणखी एका ओळीनं मला गप्प केलं. मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला 2130 कॅलरी लागतात, म्हणजे खुर्चीवर बसून काम करणाऱ्या पुरुषापेक्षा वीस जास्तच. आमच्याकडं भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी दिवसाला सहा घरं करतात. माझा नवरा दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो. मी मावशींना काय देत होते? चहा आणि रात्रीची पोळी. मी शिळं खायचे आणि त्यांनाही तेच द्यायचे, आणि वर आपण त्यांना घरच्यासारखं वागवतो असं समजायचे.

माझं माहेर परभणीकडचं. आजोळी सणावाराला आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची. आजी सगळ्यांत शेवटी, आणि तीही पानावर नाही. भाजीच्या कढईत मूठभर भात घालून, कड्या पुसून घेत, तिथंच चुलीपाशी खायची. आम्ही नातवंडं तो शेवटचा काळपट घास मागून घ्यायचो. अजून त्याची चव जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू. कढई लोखंडाची असायची आणि आंबट अंबाडीची भाजी तीत रटरटायची, तेव्हा त्या खरवडीत लोखंड थोडंफार उतरत असणार. आमच्या पिढीनं कढईतलं खाणं चालू ठेवलं आणि कढई मात्र नॉनस्टिक आणली.

बाईच्या खाण्याकडं घरानं नीट बघावं अशी एक वेळ मात्र आपल्याकडं होती, ती म्हणजे बाळंतपण. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक, शेपू, बाजरीची भाकरी. गरोदरपणी रोज 350 कॅलरी जास्त लागतात आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने 600. बैठ्या बाईच्या 1660 मध्ये 600 मिळवा, 2260 होतात, म्हणजे बैठ्या पुरुषापेक्षाही जास्त. आपल्या आज्यांना आकडे माहीत नव्हते, पण पाजणारीला खायला हवं हे पक्कं ठाऊक होतं. गंमत म्हणजे हा खुराक सव्वा महिना. नंतर तीच पाजती बाई स्वयंपाकघरात, आणि पुन्हा शेवटच्या पानावर.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा नवरा ओशाळला. "तू कधी बोलली नाहीस," म्हणाला. खरंच होतं ते. मला वाटलं होतं अडचण सासूबाईंची होईल. नातीनं तिसरी पोळी घेतली की "मुलीच्या जातीनं एवढं खाऊ नये गं" असं त्या हमखास म्हणायच्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची मला. दोन्ही बाळंतपणांनंतर कितीतरी वर्षं. मला वाटायचं, बायकांना असतंच ते."

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. त्या आत आल्या, आमटी ढवळली, घट्ट आमटीची एक वाटी भरली, वर ताटली झाकली आणि फडताळात ठेवून दिली. "ही तुझी. कुणी मागितली तर देऊ नकोस." मी म्हटलं, "अहो आई, सगळे एकत्रच बसू की." तेही सुरू केलं. अडचण एकच, तव्यावरची गरम पोळी. ती पानात पडायची तर करणारी उभीच राहणार. आता पोळ्या आधी करून डब्यात ठेवतो. सासरे आणि नवरा दोघांचं म्हणणं, त्या वाफेनं ओलसर होतात. होतात, नाही म्हणत नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि पालेभाजीवर लिंबू पिळायचं, त्यानं ते अंगी लागतं. चहा सोडणं गोळ्यांपेक्षा अवघड गेलं.

तुमच्यातल्या बऱ्याच मुली मोबाइलवर कॅलरी मोजतात, माझीही मोजते. मोजा. पण बारीक होण्यासाठी ताट अर्धं केलं तरी 29 चे साडेचौदा होत नाहीत, एवढं ध्यानात असू द्या. आणि मुलगे असोत की मुली, एकदा माझ्या डॉक्टरांसारखा कागद घेऊन आईसमोर बसा आणि काल दिवसभरात तिनं काय खाल्लं ते लिहून काढा. "सगळं घरचंच असतं" एवढ्यावर तिला सोडू नका.

पाच महिन्यांनी माझा आकडा 11.8 झाला. बायकांना 12 च्या खाली रक्तक्षय धरतात, तेव्हा अजून काठाशीच आहे, आणि रक्तदानाचे 12.5 तर लांबच. पुढच्या शिबिराला पुन्हा बोट टोचून घेणार आहे. मागच्या वेळी बाकावर बसलेल्या तिघींनाही फोन केलाय.

काल कणीक मुलीनं भिजवली. परात पुढ्यात घेऊन बोटांवर मोजत होती, "आजोबा दोन, आजी दीड, बाबा चार, दादा पाच, मी तीन. आई?"

"अडीच."

"आजीची दीड आणि तुझ्या अडीच, बरोबर चार. म्हणजे अठरा," ती म्हणाली, आणि डब्यातून आणखी एक वाटी कणीक परातीत ओतली.