विश्लेषण : लॅपटॉपची ‘एसएसडी’ नंतर वाढवता न येणे हा स्पर्धेचाही प्रश्न कसा?

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की घराघरात लॅपटॉपची चर्चा सुरू होते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर बराच खल होतो. स्टोरेजच्या रकान्यात मात्र ‘२५६ जीबी’ की ‘५१२ जीबी’ एवढेच पाहिले जाते. ‘सध्या २५६ घेऊ, लागले तर नंतर वाढवू’ हा त्यावरचा नेहमीचा तोडगा. पण अनेक लॅपटॉपमध्ये हे ‘नंतर’ उरलेलेच नाही.

२५६ जीबीपैकी हाती किती?

कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात, तर विंडोज १०२४च्या पटीत मोजते. त्यामुळे २५६ जीबीची एसएसडी लॅपटॉपवर सुमारे २३८ जीबीच दिसते. त्यातून विंडोज, अपडेट आणि रिकव्हरीची जागा वजा करायची. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी स्टोरेज हवे, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, त्यामुळे थोडी जागा मोकळी ठेवावीच लागते. ऑफिसची कामे, ब्राउझर, ऑनलाइन तासिका यांना उरलेली जागा पुरते. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हिडीओ एडिटिंग किंवा १०० जीबीहून मोठे गेम आले की ओढाताण सुरू होते. मग ‘क्लाउड’कडे वळावे, तर वनड्राइव्ह आणि आयक्लाउड मोफत देतात जेमतेम ५ जीबी. पुढे भाडे सुरू.

‘नंतर वाढवू’ का जमत नाही?

बहुतांश विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढे सुटे कार्ड असते. ते ‘एम.२’ नावाच्या स्लॉटमध्ये बसते आणि एका स्क्रूने पक्के होते. हा स्लॉट प्रमाणित असल्याने योग्य मापाचे कार्ड कोणत्याही कंपनीचे चालते. कार्ड बदलणे हे दुरुस्तीच्या दुकानात काही मिनिटांचे काम आहे.

दुसऱ्या प्रकारात मेमरी चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. ॲपलचे मॅकबुक हे त्याचे ठळक उदाहरण. पण हा केवळ महागड्या लॅपटॉपचा प्रश्न नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपमधील ६४ किंवा १२८ जीबीची ‘ईएमएमसी’ही बोर्डालाच जोडलेली असते. लॅपटॉप पातळ होतो, जोडणी सोपी होते, सुरक्षा यंत्रणा प्रोसेसरमध्येच बसवता येते, ही यामागची कारणे खरी आहेत. त्याची किंमत कोण मोजतो, हा वेगळा मुद्दा.

फरक किती रुपयांचा?

मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या १५ इंची मॅकबुक एअरचे उदाहरण घेऊ. १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजचे मॉडेल १ लाख २४ हजार ९०० रुपयांना होते, तर ५१२ जीबीचे १ लाख ४४ हजार ९०० रुपयांना. प्रोसेसर तोच, स्क्रीन तीच. वाढीव २५६ जीबीचे २० हजार रुपये! त्या सुमारास नामांकित कंपनीची १ टीबी एसएसडी, म्हणजे चौपट जागा, खुल्या बाजारात याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. स्लॉट असलेल्या लॅपटॉपचा ग्राहक ती घेऊ शकतो. सोल्डर केलेल्या लॅपटॉपच्या ग्राहकाला ती फुकट मिळाली तरी आत बसवता येत नाही.

यात स्पर्धा कायद्याचा संबंध काय?

लॅपटॉप घेईपर्यंत ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. घेतल्यानंतर सुटे भाग, दुरुस्ती, क्षमतावाढ यांसाठी बहुधा एकच कंपनी उरते. पहिल्या बाजारात स्पर्धा आणि विक्रीनंतरच्या बाजारात मक्तेदारी, अशी ही रचना आहे.

भारतात हा प्रश्न तपासला गेला तो मोटारींच्या बाबतीत. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजना दिली जात नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. गाडी घेतानाच ग्राहक पुढच्या देखभालीचा खर्च विचारात घेतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. आयोगाला तो पटला नाही. (लॅपटॉप घेताना चार वर्षांनी किती जीबी लागतील याचा हिशेब किती जण करतात?) या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या.

मात्र हा निकाल जसाच्या तसा लॅपटॉपला लावता येणार नाही. मोटार कंपन्यांनी अस्तित्वात असलेले भाग अडवले होते. सोल्डर केलेल्या लॅपटॉपमध्ये सुटा भागच नसतो. चिप सोल्डर करणे बेकायदा नाही. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ४ नुसार बाजारात वर्चस्व असणे हाही गुन्हा नाही. त्याचा गैरवापर हा गुन्हा आहे.

स्लॉट असला की प्रश्न सुटला?

पूर्णपणे नाही. दुकानात एसएसडीचे डझनभर ब्रँड दिसतात, पण आतली चिप बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क अशा मूठभरच कंपन्या आहेत. विक्रेते मोजके असले की संगनमत सोपे होते, आणि या उद्योगात ते झालेले आहे. संगणकाच्या डी-रॅम मेमरीचे दर संगनमताने ठरवल्याची कबुली सॅमसंगने २००५ मध्ये अमेरिकेत दिली आणि ३० कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या बाबतीत युरोपीय आयोगाने २०१५ मध्ये ११.६ कोटी युरोंचा दंड केला. त्या प्रकरणात पुरवठादारांनी आपसात बोली ठरवून डेल आणि एचपीसारख्या बड्या खरेदीदारांनाच गंडवले होते.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्ती-सुलभतेचे गुण देण्याबाबतच्या समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये विभागाकडे आला.

तूर्त विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. एसएसडी सुटी आहे की सोल्डर केलेली? दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे का? आणि स्वतः एसएसडी बदलली तर वॉरंटी राहते का? तिसऱ्याचे उत्तर ईमेलवर घेतलेले बरे. सोल्डर केलेलाच लॅपटॉप घ्यायचा असेल तर लागेल तेवढी जागा पहिल्या दिवशीच घ्यावी आणि बाहेरच्या ड्राइव्हवर नियमित बॅकअप ठेवावा. अशा लॅपटॉपचा बोर्ड जळाला, तर एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावण्याची सोय नसते.