वाघोबा, स्वेटर कुठंय?

हिंगोली जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. पण मंडळी, वाघ मात्र इथं स्वतःच्या पायांनी येऊन गेलाय, माहीत आहे का?

टिपेश्वरचा तो गाजलेला ‘वॉकर’! २०१९ च्या जूनमध्ये गळ्यात रेडिओ कॉलर मिरवत पठ्ठ्यानं यवतमाळ जिल्ह्यातलं घर सोडलं. तेलंगणात डोकावला, पैनगंगा-इसापूरची जंगलं धुंडाळली, आपल्या हिंगोलीत शिरला आणि वाशिम, अकोला करत डिसेंबरच्या थंडीत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पहिल्या पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर, नऊ महिन्यांत ३००० च्या आसपास. ना तिकीट, ना रिझर्व्हेशन, ना फाट्यावरचा चहा!

तो काही दर सुट्टीत येणार नाही. तेव्हा आपणच निघू. औंढा, जिंतूर, मंठा, जालना आणि मग छत्रपती संभाजीनगर. तिथलं सिद्धार्थ उद्यान म्हणजे मराठवाड्याचं हक्काचं झू. मध्यवर्ती बसस्थानकाला अगदी खेटून! एसटीतून उतरा, पाय मोकळे करा, वाघ बघा. इतकी सोय वॉकरलाही नव्हती.

आणि जायचं तर थंडीतच. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या वाघांना कूलर लावावे लागतात आणि दुपारी तुम्हाला दिसते ती फक्त शेपटी. डिसेंबरात चित्र पालटतं. सकाळी दहाचं कोवळं ऊन पडलं की सगळे बाहेर, ओट्यावर बसलेल्या आजोबांसारखे!

थंडीत परीक्षा मात्र पिंजऱ्याची असते. माझा पेपर एकाच प्रश्नाचा : प्राण्याला निवड आहे का? ऊन हवं तर ऊन, सावली हवी तर सावली, आणि तुमचं-आमचं तोंड बघायचा कंटाळा आला तर आडोसा. ‘अरे, दिसतच नाही’ म्हणून नाक मुरडू नका. प्राण्याला लपता येतं, त्या पिंजऱ्याला माझ्याकडून जादा मार्क!

गजांशिवाय प्राणी दाखवायची आयडिया कुणाची, माहीत आहे का? जर्मनीच्या कार्ल हागेनबेकची. १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ त्यानं झू उघडलं आणि गजांऐवजी मध्ये खंदक ठेवले. लोक हादरले. सिंहाच्या आणि आपल्यामध्ये काहीच नाही? होतं की, फक्त दिसत नव्हतं.

आता वाघ. सिद्धार्थची स्टार म्हणजे समृद्धी. महामार्ग नव्हे हो, वाघीण! २०२० च्या ऐन नाताळात तिनं एकदम पाच बछडे दिले. सांताक्लॉजची पोतडी फाटलीच म्हणायची.

इथले वाघ एक्स्पोर्ट क्वालिटी बरं का! फेब्रुवारी २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथून थेट मुंबईच्या राणीबागेत गेली. बदल्यात मुंबईनं काय दिलं? चितळ आणि चित्रबलाक. झूंच्या दुनियेत पैसा नाही, अदलाबदल चालते. पुढं २०२१ च्या बालदिनी करिश्माला बछडी झाली, वीरा. आजोळ मराठवाडा!

आणि बारशाचा किस्सा माहीत आहे का? सप्टेंबर २०२३. पांढऱ्या वाघिणीला, म्हणजे अर्पिताला, तीन पिल्लं झाली. शहरात मंत्रिमंडळाची बैठक भरलेली, सगळे बडे नेते हजर. नावं ठरली चिठ्ठ्या काढून. एक निघाली श्रावणी, दुसरी विक्रम. आणि तिसऱ्या चिठ्ठीत आलं… ‘आदित्य’! राजकारणातलं हे नाव कुणाचं, ते तुम्हाला सांगायला नको. हशा पिकला, चिठ्ठी बाद झाली आणि बछडा झाला कान्हा. पिल्लाचे डोळे धड उघडले नव्हते, पण पक्षांतर पूर्ण!

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, अल्बिनोही नाही. पट्टे शाबूत, डोळे निळे, बदल फक्त एका जनुकातला. जगभरच्या पिंजऱ्यांतल्या पांढऱ्या वाघांचा खापरपणजोबा बहुतेक एकच : मोहन. १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी पकडलेला बछडा. पांढरी पिल्लं मिळावीत म्हणून पुढं त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली, आणि १९५८ मध्ये ती झालीही. रंग टिकवायला घरातल्या घरात सोयरीक, त्यामुळे दुखणीही वारशात. म्हणून माझा निकाल : गर्दी खेचण्यात दहापैकी दहा, संवर्धनात भोपळा. फोटो काढा, पण शेजारच्या पिवळ्या वाघासमोर जास्त वेळ थांबा.

थांबलात तर नाक उघडं ठेवा. वाघ हद्द आखायला जो फवारा मारतो, त्यात एक संयुग असतं. तेच बासमतीत आणि आपल्या आंबेमोहोरातही सापडतं! पिंजऱ्यापाशी भाताचा वास आला तर डबा शोधू नका.

मोराकडे चला. अरेच्चा, पिसारा कुठाय? पोरं हमखास विचारतात, ‘कुणी तोडला?’ कुणीच नाही. पावसाळा संपता संपता मोर लांब पिसं गाळतो आणि फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा नटून तयार होतो. डिसेंबरातला मोर म्हणजे मेकअप उतरवलेला हीरो. या सिझनला मार्क देत नाही, पुढच्या वेळी बघू.

उलट सांबर थंडीत फुल फॉर्मात! त्याची शिंगं गळतात, दरवर्षी नवी येतात आणि हिवाळ्यात ती पूर्ण वाढलेली असतात. शेजारच्या काळविटाची मात्र एकदा आली की आयुष्यभराची. एकाचं भाड्याचं घर, दुसऱ्याचं सातबाऱ्यावर.

मगर तोंड वासून पडली की पब्लिक मागं सरकतं. ती चिडलेली नसते. उन्हात अंग शेकताना डोकं जास्त तापू नये म्हणून ती जबडा उघडते. बिल्ट-इन एसी! थंडीत तिचं खाणंही कमी, कारण पचवायलाच ऊब लागते.

अजगराचंही तेच. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे न जेवता राहतो. म्हणून सापांच्या काचेमागं बल्ब लागतात, हरणांच्या शेडला वाऱ्याच्या बाजूनं पोत्यांचे पडदे येतात. वाघाला स्वेटर मिळत नाही. त्याचा हिवाळ्याचा हट्ट मांसाच्या वाढीव कोट्यावर भागतो.

सापांवरून आठवलं! जगातलं सर्वांत उलटं झू कुठं भरलं होतं, माहीत आहे का? पुण्यात, १९८० मध्ये. नीलिमकुमार खैरे काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले. पिंजऱ्यात माणूस, बघायला माणसं! गिनीज बुकात नोंद झाली आणि पुढं १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. दहापैकी बहात्तर.

राणीबागेतले पेंग्विन? वर्षभर १६ ते १८ अंशांत राहतात. हिंगोलीच्या मे महिन्यात आपल्यालाच तिथं बदली मागावीशी वाटेल. पण हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेतच! मूळ गाव पेरू आणि चिलीचा किनारा, मागं वाळवंट. २०१६ मध्ये सोलहून मुंबईत उतरले आणि नावं काय, तर मोल्ट, फ्लिपर, पॉपाय, ऑलिव्ह.

नागपूरला गेलात तर महाराजबाग बघा. ते झू चालवतं कृषी विद्यापीठ! एका बाजूला वाण, दुसऱ्या बाजूला वाघ.

पुन्हा सिद्धार्थकडे. सगळं गोड नाही. जागा अपुरी म्हणून सेंट्रल झू अथॉरिटीनं २०१८ मध्ये याची मान्यता रद्द केली होती. झू टिकलं, पण मुद्दा खराच होता. प्रेमानं सांगतो, बाग सुंदर, बछड्यांचा रेकॉर्ड भारी, जागेच्या रकान्यात मात्र काठावर पास. तोडगा म्हणजे शहरालगतच्या मिटमिट्याचं नवं, ऐसपैस पार्क. वाघाला पाय पसरायला जागा किती लागते, हे हिंगोलीकरांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात कमी मार्क कुणाला, माहीत आहे का? कठड्याच्या अलीकडच्या प्राण्याला! वन्यजीव कायद्यानुसार झूमध्ये प्राण्यांना चिडवणं, खायला टाकणं, आरडाओरडा करून त्रास देणं, इतकंच काय कचरा करणंही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे माकडाकडे वेफर्स फेकणारा गडी स्वतःच गजाआड. तिथं खंदक नसतो.

आणि हो, निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या. नियमानं प्रत्येक झूला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागतं. अनेक ठिकाणी त्याच दिवशी वाघांचा उपवास असतो, पोटाला आराम म्हणून. आपल्यासारखा नाही हं. साबुदाणा वडा नाही, भगर नाही, दाण्याची आमटी तर नाहीच नाही!